तीन प्लेटांचा कान

बजाजनगरच्या मागच्या गल्लीत तनुजाचं वेल्डिंगचं शेड होतं. बरीच वर्षं कंपनीत क्रेनचे सांगाडे जोडल्यावर तिनं नोकरीला रामराम ठोकला आणि धाकट्या भावाला, सोमनाथला, हाताशी घेऊन स्वतःचं काम मांडलं. वाळूज पट्ट्यात तिच्या हाताला मान होता. जिभेला मात्र लोक जपून असत.

ऐन कापसाच्या हंगामात, एके सकाळी गंगापूर रोडवरच्या जिनिंगचे मिस्त्री पुंजारामकाका टेम्पो घेऊन दारात हजर झाले. मागं पोत्यावर लोखंडाचे दोन तुकडे. रुईची गाठ बांधणाऱ्या प्रेसचं दार ज्याच्या जोरावर बंद राहतं, तो चार बोटं जाडीचा कान मधोमध फुटला होता.

"सारं वाळूज पालथं घातलं, एवढी जाड प्लेट कुठंच नाय," काका म्हणाले. "मुंबईहून यायला आठवडा लागंल म्हणतेत. तिकडं कापसाचे डोंगर लागलेत. हेच तुकडे जोडून दे, पोरी."

तनुजानं फुटल्या कडेवरून बोट फिरवलं. आतून करडं, रवाळ लोखंड. "बिडाचा हाय ह्यो, ओतीव आन् ठिसूळ. इथं जोडला तर शेजारी फुटंल. नवाच करते."

"कशाचा? प्लेट हाय कुठं?"

"बारीक प्लेट हाय की. तीन घेते आन् एकजीव करते."

काकांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "पत्त्याचा डाव हाय का, एकावर एक ठिवायला? दाब पडला की सुटत्याल."

"सुटल्या तर मला बोला. उद्या दुपारी या."

काका गेल्यावर सोमनाथ हळूच म्हणाला, "ताई, एवढं जाड काम आपण कधी केलं नाय."

"तू नाय केलं. मी केलंय. ग्राइंडर घे."

दोघांनी प्लेटा कापल्या, आरशासारख्या घासल्या. थरात गंज राहिला तर तो आतून खात जातो. कडा तासून तिनं थरांच्या सांध्यांवर खोल चर पाडला आणि बाहेरच्या दोन प्लेटांना अंगठाभर रुंदीची भोकं पाडली. मग तिन्ही शिकंज्यात आवळून गॅसनं तापवल्या आणि डोळ्यांवर काच ओढली. इकडं वीतभर वेल्ड ओढायचं, की उलटून तिकडं वीतभर. एकाच अंगानं गेलं तर लोखंड पापडासारखं वळतं. भोकं तळापासून भरत आणली, म्हणजे वितळल्या लोखंडाचे खिळेच मधल्या प्लेटेत रुतले. संध्याकाळी तो ठोकळा गरम वाळूत पुरला आणि सावकाश निवू दिला.

दुसऱ्या दिवशी काका आले तेव्हा ती सांध्यांवर तांबडा रंग लावून पुसत होती. वरून तिनं पांढरी पूड फवारली. जिथं चीर असेल, तिथं आत मुरलेला रंग वर येतो. सगळं पांढरंशुभ्र राहिलं. फक्त एका भोकाच्या काठाला केसाएवढी तांबडी रेघ उमटली.

"फुटला!" काका ओरडले. "म्हणलं नव्हतं मी?"

सोमनाथचं तोंड उतरलं. तनुजानं वाकून रेघ निरखली. तिला लगेच उमगलं, चहा पिऊन आल्यावर निवत आलेलं हेच भोक तिनं पुन्हा न तापवता भरलं होतं.

"चूक माझी हाय, प्लेटांची नाय," ती म्हणाली. "काढून पुन्हा भरते."

"आता वरून एक टिपका मार आन् दे की. लई घाई हाय."

"घाई तुमाला हाय, काका. दाब त्याला सोसायचाय."

तिनं ते भोक तळापर्यंत खरवडून काढलं, अख्खा कान पुन्हा तापवला, पुन्हा भरला, पुन्हा निवू दिला. अंधार पडला तरी काका स्टुलावर बसून धुसफुसत राहिले, पण उठून गेले नाहीत. दुसऱ्या खेपेला पूड पांढरीच राहिली. शेजारच्या वर्कशॉपात दार अडकवणाऱ्या खिळीसाठी भोक मारून घेतलं आणि ती स्वतःच टेम्पोत चढली.

जिनिंगमध्ये कान बसला. हमाल मागं सरकले, काकाही दोन पावलं मागं झाले. "बटन मीच दाबते," तनुजा म्हणाली. प्रेस घुमली, दाबाचा काटा वर वर चढला, पेटी करकरली. दार तसूभरही हललं नाही. पट्ट्या आवळलेली गाठ धप्पकन बाहेर आली, मागोमाग दुसरी, मग तिसरी.

काकांनी प्रेस थांबवायला लावली आणि हातोडी घेऊन कानावर ठोका दिला. टण्ण! खणखणीत, एकच आवाज. आणखी दोन ठिकाणी ठोकून पाहिलं, कान लावून ऐकलं.

"अखंड वाजतंय गं," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग पलीकडं बोट दाखवलं. "त्या अंगाचा कानबी फुटलेल्याच्याच वयाचा हाय. त्योबी फुटायच्या आत करून टाक. आत्ताच माप घे."

"माप घेते. पण बदलायचा हंगाम उरकल्यावर. चालत्या प्रेसला मी हात लावायची नाय."

"व्हय, व्हय," काका हसले आणि त्यांनीच टेपचं दुसरं टोक धरलं.