पाखऱ्याच्या समाधीवरची पावलं

"घोड्याला पाच बोटं असतात का हो, आत्याबाई?"

मित्रांनो, शामलाने हे विचारलं आणि मी, दाना ओली नावाच्या गल्लीतल्या एका अंगणातला जुना दगड, आतून हादरलो. मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, "हिम्मत है तो पूछ के दिखा." तिने दसऱ्याच्या दिवशीच विचारून टाकलं.

मी म्हणे पाखऱ्या घोड्याची समाधी. दर दसऱ्याला माझ्यापुढे भिजवलेले हरभरे ठेवत, झेंडू वाहत. माझ्यावर कोरलेली दोन पावलं मात्र माणसाची, आणि ती रोज सगळ्यांना दिसत होती.

विजयाबाई, म्हणजे शामलाच्या वडिलांच्या आत्या, म्हणाल्या, "घोडा कुठला गं. बटीक होती. लग्नात आंदण आलेली. भांडी आली तशी ती आली."

"विकत घेतलेली? माणूस?"

"हो. गेली तेव्हा जाळायची की पुरायची, तेही ठरेना. तिचा धर्म कुणी विचारलाच नव्हता. शेवटी इथे पुरली. पुढे पाहुण्यांना घोडा सांगायला बरा वाटायचा."

"नाव काय तिचं?"

"घोड्याचं माहीत आहे."

शामलाच्या मुठीतले हरभरे खाली सांडले.

मित्रांनो, नाव मलाही ठाऊक नाही. टाकीचे घाव आठवतात. पावलं कोरायला कुणी सांगितलं, ते मला कधी कळलं नाही. ती होती तेव्हाही मी याच अंगणात पडून होतो; माझ्यासमोर तिला नुसतं "अगं ए" म्हणत.

त्यात संस्थान कधीच गेलेलं, आता मध्यभारत हे राज्यही नव्या, मोठ्या राज्यात विलीन होणार होतं. शामलाच्या वडिलांचं, महिपतरावांचं, ऑफिस नव्या राजधानीला, भोपाळला, निघालं होतं. घर विकायचं ठरलं होतं आणि घेणाऱ्याला माझ्या जागी मोटारीचं गॅरेज हवं होतं.

"एका दगडापायी सौदा मोडू का, आत्या?" महिपतराव म्हणाले.

"हा कोपरा आणि लगतची खोली माझ्या वाट्याची. सही मी करणार नाही. पण या वयात एकटी राहू कशी, तेवढं सांग."

मला वाटलं, संपलं.

मित्रांनो, मला झेंडू नकोत, शेंदूरही नको. मी कुणासाठी उभा आहे, तेवढं खरं सांगत जा.

शामला आई-बाबांसमोर येऊन उभी राहिली. "मेरा तो तय है. भोपाळला तुम्ही दोघं जा. मी आत्याबाईंजवळ राहणार, मॅट्रिक इथूनच करणार. कुणी विचारलं तर सांगणार, इथे एक बाई आहे. तिचं नाव आम्ही विचारलं नव्हतं."