किल्लीतलं बेलपान

"उघडली! गाडी उघडली!"

एकच गलका झाला. मठापुढे उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीनं दोनदा दिवे लुकलुकवले, दारं खटकन सुटली आणि दोन-तीनशे माणसांनी तिच्यापुढे हात जोडले. चार दिवस मुकी पडलेली गाडी होती ती.

ओट्यावरून किल्लीमहाराज गरजले, "ह्या भक्तानं टँकरभर पाणी हौदात वाहिलं, अन् देवानं दार सोडलं! लातूरपासून फुटून आपला नवा जिल्हा व्हायचा हाय. तवर लातूरची वाट देवाला मंजूर न्हाई! ज्याची गाडी अडली, त्यानं समजून घ्यावं."

उदगीर-देगलूर रस्त्यावरचा हा मठ दुष्काळातच उगवला. गावाला पंधरवड्यानं पाणी, मठाचा हौद काठोकाठ. रीत अशी की प्रवासाला निघताना गाडीची किल्ली पूजेच्या ताटात ठेवायची. शिष्य मलप्पा ताट पडद्याआड नेई, विभूती लावून किल्ली परत देई. दहातली एखादी किल्ली मग चालायची नाही. तो देवाचा कौल.

त्या दिवशी माझा सोमवार होता. आम्हीही दर्शनापुरते थांबलो, खरं जायचं होतं लातूरलाच. माझी धाकटी जाऊ गौरम्मा, तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मागची पाळी चुकली होती. पाय सुजून खांब झालेले, चार शब्द बोलली की धाप. तिला लिंबाखाली बसवून आम्ही ताट पुढे केलं.

विभूती लावलेली किल्ली घेऊन गाडीशी परत आलो तर किल्ली मुकी.

गौरम्माचे यजमान, ईश्वरप्पा भावजी घामाघूम झाले. "वैनी, मघापासून दाबून राहिलो. गाडी हूं की चूं करंना."

महाराजांनी डोळे मिटले. "बाई आजारी हाय ना? रक्त अंगाबाहेर काढून धुणं देवाला खपत न्हाई. तीन दिवस मठात ठेवा. एक टँकर हौदात सोडा. गाडी आपसूक उघडंल, बाई चालत घरी जाईल."

"वैनी," भावजी हळूच म्हणाले, "देवच नको म्हणून राहिला. तीन दिवसांचा तर सवाल हाय."

गौरम्मानं माझा पदर धरला. "अक्का, मला तीन दिवस न्हाई निघायचे."

एका जीपवाल्याला मी विनवलं. तो मागं सरकला. "देवानं अडवलेली बाई मी नेऊ? माझी बी गाडी बंद पडायची."

मी मोठ्यानं बोलत नाही. भावजींच्या हातातून किल्ली घेतली आणि भर उन्हात फाट्यावर गेले. तिथं महेबूबभाईंचं किल्ल्यांचं खोकं आहे.

"अक्का, बटन दाबल्यावर किल्लीवरचा लाल दिवा लागतो का?"

"न्हाई."

"मग गाडीचा कसूर न्हाई. किल्लीलाच ताकद मिळंना. चला."

खिशात नवा सेल आणि बारीक पेचकस टाकून ते माझ्याबरोबर आले. गर्दी पाहून मलप्पा ओरडला, "हात लावू नका! पाप लागंल!"

महेबूबभाईंनी किल्लीच्या कडेचा खटका सरकवला आणि आतून लोखंडी पातं ओढून काढलं. "किल्लीच्या पोटात किल्ली असती, ईश्वरप्पा. गाडी घेताना कुणी सांगितलं न्हाई का?" गाडी जुनी घेतलेली, सांगणार कोण? पातं दाराच्या कुलपात फिरलं. दार उघडलं, आणि गाडीनं भोंगा सुरू केला. माणसं दचकून मागं हटली.

"बघा! देव कोपला!" महाराज उठून उभे राहिले.

"देव न्हाई, महाराज, भोंगा हाय," महेबूबभाई म्हणाले. "चोरासाठी बसवतेत."

कुणीतरी फसकन हसलं. मी गौरम्माला आत बसवलं. महेबूबभाईंनी पेचकसानं किल्लीचं टरफल उचकलं, सेल बाहेर काढला आणि थांबले.

"अक्का, हे तुम्हीच बघा."

सेलखाली नखाएवढा हिरवा तुकडा होता. बेलाच्या पानाचा. सेल आणि पत्र्याची पट्टी यांच्यामधे नीट कापून सरकवलेला. तेवढ्यानंच वीज अडत होती. तुकडा काढला, जुनाच सेल परत बसवला, बटन दाबलं. भोंगा गप्प. तुकडा आत घातला, किल्ली मुकी. काढला, गाडीनं दिवे लुकलुकवले. तीन वेळा करून दाखवलं.

रोज पहाटे आंघोळ करून जे पान मी डाव्या तळहातावरच्या इष्टलिंगावर वाहते, ते या माणसानं जीव अडवायला वापरलं.

"परधर्माच्या माणसानं प्रसादाची किल्ली फोडली!" महाराज किंचाळले.

"पान माझ्या देवाचं हाय," मी म्हणाले. "मी विचारून राहिले. किल्लीच्या पोटात ते कसं गेलं?"

अडलेल्या आणखी दोघांनी आपापल्या किल्ल्या पुढे केल्या. दोन्हींत बेलाचा तुकडा. पांढऱ्या गाडीवाला कपाळावर हात मारून म्हणाला, "माझी किल्ली बी आज पुन्हा पडद्याआड नेली होती. मंतरायला!" लोकांनी पडदा ओढला. आत पेचकस, कात्री आणि कातरलेली पानं. मलप्पा रडू लागला. "महाराज खूण करायचे. ज्याच्याकडून टँकर निघंल, त्याचीच किल्ली."

पुढचं मी पाहिलं नाही. आम्ही लातूर गाठलं, गौरम्माला यंत्रावर घेतलं. डॉक्टर भावजींना एवढंच म्हणाले, "उद्या आणली असती तर मी काही करू शकलो नसतो." भावजी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले.

महाराजाला पोलिसांनी नेलं. पण हात जोडून उभ्या असलेल्या त्या तीनशे माणसांचं काय? त्यांत शिकलेले होते, दुकानदार होते. पहिली दहा मिनिटं मीही होते, आणि त्याचाच राग मला अजून गिळता येत नाही. देवानं माझ्या गौरम्माचा श्वास कोंडायला सांगितला, हे ऐकून घेतलंच कसं आपण?

मी सोमवार सोडलेला नाही, सोडणारही नाही. पण बायांनो, भावांनो, किल्ली चालेना तर आधी तिचा दिवा बघा, सेल बघा, जाणत्या कारागिराला दाखवा. आणि देवाचं नाव घेऊन कुणी आजाऱ्याचं औषध बंद करू लागला, तर हात जोडू नका. आधी आजाऱ्याला दवाखान्यात न्या. मग परत या, आणि त्याला चारचौघांत विचारा: कसं? दाखव.