कळतंय कोणाला?

लतिकाच्या घरात तिचं मराठी ऐकणारा एकच प्राणी उरला होता, तो म्हणजे गबरू. सोनेरी लॅब्राडोर, खाण्यात पटाईत, बाकी आनंद. नवरा कॉलेजात हिंदीत शिकवून शिकवून घरीही हिंदीतच शिंकायचा. मुलगी अवंतिका लहानपणापासून आईचं सगळं मराठी ऐकून घ्यायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. म्हणून लतिकाने कुत्र्याला धरलं. ऊठ, बस, ये, थांब, सगळं शुद्ध मराठीत. चहा ओतताना पाहुणे ‘बस, बस’ म्हणाले की गबरू बिचारा खाली बसायचा.

दर गणपतीत त्या हिंदीभाषी शहरातल्या मराठी मंडळाच्या मंचावर लतिका डोळ्यांत पाणी आणून सांगायची, आपली भाषा आपल्याच घरात मरून राहिली. लोक टाळ्या वाजवायचे आणि खाली उतरल्यावर मुलांना हिंदीत हाका मारायचे. पण तिचं दुःख काही खोटं नव्हतं. अवंतिका बंगळुरूला नोकरीला लागल्यापासून ते वाढलंच होतं. आता ती थंडीत चार दिवस घरी आली होती, आणि लतिकाने मनाशी ठरवलं होतं की ही परत जायच्या आत हिच्या तोंडून एक तरी अख्खं वाक्य मराठीत ऐकायचंच.

रविवारी सकाळी मायलेकी गबरूला घेऊन टेकडीवरच्या बागेत गेल्या. तिथल्या पायवाटेवर कुत्री आणायला परवानगी आहे, त्यामुळे रविवारी माणसं कमी आणि शेपट्या जास्त. वाट काळ्या गोल दगडांमधून चढत जाते आणि वर तळं दिसतं.

“बघ किती छान धुकं पडलंय,” लतिका म्हणाली. “सांग ना काहीतरी. मराठीत.”

“मम्मी, सुबह-सुबह मत शुरू हो जाओ न.”

“काहून? आईशी आईच्या भाषेत बोलायला लाज वाटते का?”

अवंतिका हसली आणि पुढे चालू लागली. लतिकाचा पारा तिथेच थोडा चढला. तो उतरवायला तिला कुणीतरी हवंच होतं, आणि नेमकी पुढे मोना चालली होती.

तिचं नाव मोना हे लतिकाला मागाहून कळलं. तेव्हा दिसली ती एक तिशीतली बाई, सोबत काठी टेकत चाललेले म्हातारे वडील, आणि एक तांबूस गावठी कुत्री. कुत्रीच्या गळ्यात पट्टा नव्हता, जुन्या साडीचा पीळ घालून केलेला दोर होता. या दोघांना लतिकाने फाटकाशी स्कूटर लावताना पाहिलं होतं. स्कूटरच्या पुढच्या काचेवर निळ्या अक्षरांत ‘जय भीम’ लिहिलेलं होतं. ते तिने वाचलं होतं आणि मनात कुठेतरी ठेवून दिलं होतं.

“ते ध्यान बघ,” ती अवंतिकाला म्हणाली. आवाज बारीक करायची तिला गरजच वाटली नाही. “साडी फाडून कुत्रं बांधलंय! रस्त्यावरचं उचललं आणि निघाले फिरवायला. दोन पैसे हाती आले की ह्या लोकांना आपल्यासारखं वागायचं असतं. गबरूला जवळ जाऊ द्यायला नको, कुत्रीला खरूज असेल. आणि नुसत्या कुत्रीलाच कशाला म्हणा.”

“मम्मी!” अवंतिका थबकली. “चुप रहो. सुन लेंगे.”

“ऐकू दे. कळतंय कोणाला?”

चाळीस वर्षं तिने हेच केलं होतं. भाजीवाल्यासमोर, रिक्षावाल्यासमोर, नव्या शेजारणीसमोर. मराठी म्हणजे घरातली आतली खोली. दार लावलं की आत काहीही बोलावं. जिभेला हाड नसतं म्हणतात, लतिकाच्या जिभेला तर शेजाराचीही भीती नव्हती.

पुढे दोन दगडांमध्ये वाट अरुंद झाली. मोनाने दोर आखडून कुत्रीला पायाशी घेतलं आणि वडिलांना हाताला धरून कडेला उभं केलं, मागच्यांना वाट द्यायला. चला, निदान रीत तरी आहे, असं लतिकाला वाटलं. तेवढ्यात गबरूने हिसका दिला. त्याला कुत्रीची ओळख करून घ्यायचीच होती. लतिका फरफटत दोन पावलं पुढे गेली आणि ओरडली, “गबरू, बस! बस म्हणते ना!”

गबरू ढिम्म. पण समोरची तांबूस कुत्री झटकन खाली बसली. अगदी शहाण्यासारखी, पुढचे पाय जुळवून, मोनाकडे बघत.

म्हातारबाबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

“आमची राणी बसली,” ते म्हणाले. “तुमचाच नाही ऐकून राहिला.”

लतिकाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. खालच्या वाटेपासून इथवर आपण काय काय बोललो ते एकेक शब्दाने तिला आठवू लागलं, आणि ते सगळं या दोघांनी पाठमोरं चालत ऐकलं होतं. खरूज. ह्या लोकांना. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता या दगडाखाली शिरावं.

पण गप्प बसेल ती लतिका कुठली! “अय्या, तुम्ही मराठी?” ती उसनं हसत म्हणाली. “मग सांगायचं नाही का? मंडळात कधी दिसला नाहीत!”

“मी आली होती एकदा,” मोना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. “भंडाऱ्याहून बाबांना घेऊन आली, त्या वर्षी गणपतीत. दारातच कोणीतरी आडनाव विचारलं. मग नाही आली.”

दारात आडनाव कुणी विचारलं ते लतिकाला आठवेना. पण दारात उभं राहून नव्या माणसांचं स्वागत करायची हौस मंडळात कुणाला होती, हे तिला चांगलं ठाऊक होतं. माफी मागायला तिने तोंड उघडलं आणि मंचावर धो धो वाहणारी तिची मराठी आटून गेली. “सॉरी हां, भाईसाहब,” एवढंच बाहेर पडलं, तेही दगडाकडे बघत.

तेव्हा अवंतिका पुढे झाली. गबरूचा पट्टा तिने आईच्या हातातून काढून घेतला. त्या म्हाताऱ्या माणसासमोर उभी राहून, एकेक शब्द चाचपडत, ती म्हणाली, “काका, माझी आई जे बोलली ते खूप घाण होतं. मी माफी मागते. दीदी, तुमची पण. मला मराठी नीट नाही येत. पण समजते सगळी.”

म्हाताऱ्याचा चेहरा जरा निवळला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“चांगली तं बोलून राहिली, बेटा. कुठं शिकली?”

“घरी,” अवंतिका म्हणाली. “आईचं ऐकून ऐकून.”

आणि लतिकाला वाटलं, देवा, हिने आता हिंदीत बोलावं.