डोळ्यात गेलेला घाम

“गेला परत डोळ्यात. च्यायला, या घामाला खाली उतरायला दुसरी वाट नाही का,” पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला एक पाय टेकवून महेश पुटपुटला. प्रतिभाची सायकल त्याला अगदी खेटून उभी होती, म्हणून तिला ऐकू आलं. तिनं सवयीनं नॅपकिन पुढं केला, त्यानं सवयीनं डावा डोळा पुसला.

हे एप्रिलपासून चाललं होतं. महेश ओझरच्या कारखान्यातून निवृत्त व्हायला आलेला, पोट त्याच्या आधीच बाहेर आलेलं. इंदिरानगरातल्या शेजारच्या कुंदननं नवराबायकोला पहाटेच्या सायकलीला जुंपलं. उन्हाळ्यात घाम डोळ्यात जायचाच, त्यात खोटं काही नव्हतं. पुढं मात्र महेश सरळ खड्ड्यात जायचा, दुभाजकाला चाक घासायचा, आणि दर वेळी नाव घामाचं.

उपाय सुचवायला कुणाचं काय जातं? एकानं सांगितलं, भुवयांवर व्हॅसलीनची तिरकी रेघ ओढा, घाम कानाकडे वळतो. आठवडाभर महेश हळदीच्या नवरदेवासारखा चकाकत हिंडला. मग प्रतिभानं जुन्या टॉवेलच्या पट्ट्या शिवल्या. शेवटी कुंदननं, स्वतः बोलायची लाज वाटून, बायकोकडून निरोप धाडला की हेल्मेटच्या आत कपाळाशी सॅनिटरी पॅड चिकटवा, थेंब खाली येणार नाही. प्रतिभाची पाळी थांबली त्याला वर्ष होऊन गेलं होतं आणि एक अख्खं पाकीट कपाटात पडून होतं. ते आपल्या नवऱ्याच्या कपाळी यायचं असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

घरात चौकट महेशच्या डाव्या खांद्याला लागायची. चहाचा कप तो टेबलाच्या कडेवर अर्धा हवेत ठेवायचा. तीन कप फुटल्यावर प्रतिभानं स्टीलचे पेले काढले आणि चकार शब्द काढला नाही. कारण जो शब्द काढावा लागला असता, तो या घरात चालत नव्हता. महेशच्या आईची शेवटची वर्षं भिंती चाचपण्यात गेली होती. कुणी विचारलं तर “आईला जरा कमी दिसतं” एवढंच सांगायचं. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, हा काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, वेळेवर आणलं असतं तर उरलेली राखता आली असती. मुलांनीही तपासून घ्या. महेश “हो हो” म्हणाला होता, आणि परत त्या दवाखान्याची पायरी चढला नव्हता.

सिग्नल सुटला. पुढं महेश, मागं प्रतिभा, तिच्या मागं कुंदन. सर्व्हिस रोडच्या डाव्या कडेला रोजच्याच जागी भागीबाई गोणपाट अंथरून बसली होती, पुढ्यात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, अंगावर लालभडक शाल. एवढं लाल त्या रस्त्यावर दुसरं काही नव्हतं. महेशनं ना घंटी वाजवली ना ब्रेक दाबला. तो गोणपाटावर चढला, जुड्या चिरडत गेला, आणि भागीबाईच्या गुडघ्याला चाक टेकल्यावर सायकलीसकट आडवा झाला.

सायकल तिथंच टाकून प्रतिभा धावली. भागीबाईला फार लागलं नव्हतं, पण हातात धरलेली एक जुडी तिच्याकडून सुटत नव्हती.

“दादा, मी दिसले नाय का तुमाला?” तिनं विचारलं.

“घाम गेला हो मावशी डोळ्यात,” कुंदननं घाईघाईनं महेशच्या वतीनं सांगितलं. बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघाली.

भागीबाई त्या वाफेकडे बघत राहिली. “घाम?” एवढंच म्हणाली, आणि शाल आवळून घेतली.

प्रतिभाला एकदम थंडी जाणवली. जानेवारीची सकाळ. आपल्या हातात लोकरीचे मोजे, कुंदनच्या जर्किनची चेन गळ्यापर्यंत. आणि तरीही मघाशी आपण नॅपकिन दिला. महेशचं हेल्मेट उपडं पडलं होतं. तिनं ते उचललं, मोजा काढला आणि आतल्या पॅडवर अंगठा दाबला. पाकिटातून काढल्यासारखा कोरा, कोरडा. गेले कितीतरी दिवस ती रात्री आठवणीनं जुना काढून नवा लावत होती. जुना कधी हाताला ओला लागला होता? तिला आठवेना. आठवेना असं नाही. तिनं बघितलंच नव्हतं.

ती महेशच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली, हातभर अंतरावर. तो उजवीकडे मान वळवून तिला शोधत होता.

“प्रतिभा, कुठं गेलीस? पॅड भिजलाय बघ पार. दुसरा लाव, म्हणजे निघू,” तो म्हणाला.

कुंदन आपल्या बुटांकडे बघायला लागला. त्यालाही ठाऊक होतं, हे तिला त्याच्या खाली घातलेल्या मानेवरून कळलं.

“मी इथंच आहे,” ती म्हणाली. महेश दचकून डावीकडे वळला. तिनं त्याचा हात धरून त्याची बोटं पॅडवर ठेवली. “कोरडा आहे. घाम नाहीये, अहो. आईंना झालं होतं तेच तुम्हाला झालंय. तुम्ही आंधळे होताय.”