शेवटचं तोंड

नामदेव भोईर घरातून निघून गेले, तेव्हा नावड्याच्या त्या तीनमजली घरात त्यांच्याजवळ फक्त मुलगा दिपेश होता. मे महिन्याची दुपार. दिपेशची आई गोजरा भाचीच्या हळदीला गेली होती, सून उन्नती माहेरी. दिपेश गच्चीवर पत्रे टाकणाऱ्या माणसाशी फोनवर बोलत होता आणि खालच्या दाराची वरची कडी लावायची राहून गेली होती.

बाबांना विसरण्याचा आजार होता. आधी माणसांची नावं गेली, मग माणसंच गेली. उरलं ते फक्त शेत. ते शेत नव्या शहरासाठी गेलं त्याला कितीतरी वर्षं झाली होती आणि त्यावर आता गोदामं उभी होती. तरी संध्याकाळ झाली की ते उठायचे. "बांध फुटला आसंल, बघून येतो." आईनं मग त्यांच्या करगोट्याला एका जुन्या कुलपाची चावी बांधून ठेवली होती. ती हातात धरून सांगायची, "कोठाराची चावी तुमच्याकडंच हाय. काय नाय व्हत." ते ऐकून ते बसायचे.

तीन दिवस शोध चालला. पोलीस, रिक्षावाले, व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो. शेवटी खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला गेलेल्या दोघांना ते तिवरांच्या झाडीत दिसले. ओळख पटवायला दिपेश गेला. परत आला तो अंगणातच उभा राहिला आणि म्हणाला, "खोडाला टेकून बसले व्हते. झोपल्यागत." प्रेत घरी आणलंच नाही. शवागारातून थेट स्मशानात नेलं.

तेराव्याला, सगळ्या पाहुण्यांसमोर, त्याची मोठी बहीण सुचिता त्याला म्हणाली, "एक कडी लावता आली नाही तुला." त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. सुचिता ऐरोलीला राहायची, तिथल्याच एका कंपनीत बॅक ऑफिसला होती. आईला भेटायला यायची ती दिपेश घरी नसेल तेव्हाच.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात तिला ऑफिसातल्या कोणीतरी 'सोबती' या संस्थेच्या पदयात्रेबद्दल सांगितलं. विस्मरणाच्या रुग्णांसाठी बेलापूरला दिवसभराचं केंद्र काढायचं होतं. त्यासाठी महाडपासून बेलापूरपर्यंत पायी यायचं, वाटेत गावोगावी लोकांना या आजाराची माहिती द्यायची, देणग्या मिळवायच्या. संस्था चालवणाऱ्या नंदिनीताई स्वतःच्या आईचं सगळं करून थकलेल्या, साठीच्या बाई होत्या. सुचितानं त्याच दिवशी नाव दिलं. नवरा आकाश म्हणाला, "तुला रोज स्टेशनपर्यंत चालायची सवय नाही." ती म्हणाली, "बाबांना तरी कुठे होती? गेलेच ना ते."

महाडहून निघाले तेव्हा पंधरा-सोळा जण होते. पिवळ्या टोप्या, मागे पाण्याचा टेम्पो. अर्धवट झालेला हायवे, धूळ, अंगावरून जाणारे कंटेनर. माणगावला पोचेपर्यंत सुचिताच्या दोन्ही टाचांना फोड आले. कोलाडला ते फुटले. रात्री शाळेच्या वर्गात मिठाच्या पाण्यात पाय सोडून ती बसायची आणि सकाळी पुन्हा त्याच बुटांत पाय घालायची. मुक्कामाच्या प्रत्येक गावात नंदिनीताई आधी आजाराबद्दल बोलायच्या, मग माइक सुचिताकडे द्यायच्या. ती बाबांची गोष्ट सांगायची. शेवटी म्हणायची, "ते सापडले तेव्हा झाडाला टेकून झोपल्यासारखे दिसत होते. तेवढंच आमचं समाधान." बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

नागोठण्याला सकाळी निघायच्या वेळी दिपेश येऊन उभा राहिला. नवे कोरे बूट, पाठीवर पोराची शाळेची बॅग. नंदिनीताईंना म्हणाला, "मी नामदेव भोईरांचा मुलगा. चाललो तर चालंल ना?" त्यांनी त्याला टोपी दिली. सुचितानं बघितलं आणि ती पुढे चालू लागली. दिवसभर तो तिच्या मागे, बऱ्याच अंतरावर चालत होता. पाणी प्यायला ती थांबली की तोही तिथेच, तेवढ्याच अंतरावर थांबायचा.

त्या रात्री पेणला एका मंगल कार्यालयात मुक्काम होता. गावातले लोक जमले होते. सुचितानं नेहमीसारखं सांगायला सुरुवात केली. 'झोपल्यासारखे' हा शब्द तिच्या तोंडातून निघाला आणि मागच्या रांगेत बसलेला दिपेश उठून ताडताड बाहेर निघून गेला. खुर्ची पडल्याचा आवाज झाला. सगळ्यांनी वळून बघितलं.

तिला इतका राग आला की ती रात्रभर जागीच होती.

दुसऱ्या दिवशी पनवेलकडे निघाले. उन्हं वर आल्यावर कर्नाळ्याच्या अलीकडे एका टपरीपाशी सगळे थांबले. दिपेश जरा बाजूला, एका दगडावर बसून बूट काढत होता. सुचिता लंगडत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कशाला आलास? लोकांसमोर तमाशा करायला?"

त्यानं मान वर केली नाही. "ताय, तू ते बोलू नको."

"काय बोलू नको?"

"झोपल्यागत व्हते, ते."

"तूच सांगितलंस. अंगणात उभं राहून, सगळ्यांना."

"हा. मीच सांगतला." तो बुटाच्या नाडीशी चाळा करत होता. "आयेला काय सांगू मंग? उन्नतीला पन नाय सांगतला आजून."

सुचितानं डोक्यावरची टोपी काढली.

"भरतीचा पानी आत येतं तिथं," तो म्हणाला. "तीन दिवस व्हते ते त्यात. पालथे. पोलिसांनी सरळ केला आन् मना बोलले, बघा. ताय, तोंड नव्हता. डोळं, नाक, व्हट, काय नाय. चिंबोऱ्यांनी... मी बोललो हे आमचे नाय. खरंच वाटला मना, दुसरा कोनी हाय. मंग त्यांनी कमरंची चावी दावली."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. दिपेश तो जाईपर्यंत थांबला.

"तवापासून घरात चिंबोरी नाय आनू देत मी. आये बोलते, कसला नेम धरलास? मी बोलतो, हाय एक."

सुचितानं बाजूच्या झाडाच्या बुंध्याला हात टेकला आणि सकाळपासून पोटात गेलेलं सगळं तिथेच उलटून पडलं. टपरीपाशी कोणीतरी म्हणालं, ऊन लागलं बहुतेक. दिपेशनं पाण्याची बाटली पुढे केली. तिनं चूळ भरली, तोंड पुसलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"बोलत व्हतीस तू माझ्याशी?"

खरं म्हणजे तिचा राग गेला नव्हता. कडी लावायची राहिली होती, ते खरंच होतं. पण त्या रागाशेजारी आता हे दुसरं येऊन बसलं होतं आणि या दोन्हींचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

ती जाऊन टेम्पोत बसली. नंदिनीताईंना म्हणाली, "माझ्याच्यानं होणार नाही. मला घरी सोडा." नंदिनीताईंनी तिचे पाय बघितले आणि मान डोलावली. टेम्पो सुरू झाला तेव्हा दिपेश खिडकीशी आला.

"उतर ताय. आये येनार हाय उद्या बेलापूरला. उन्नती घेऊन येतेय. तू चालत येताना दिसली नायस तर ती काय समजंल?"

सुचितानं पुन्हा बुटांत पाय घातले. मग उतरली. कर्नाळ्याची खिंड दोघं बरोबरीनं चढले. एकदा तिचा पाय मुरगळला तेव्हा त्यानं दंड धरला आणि खिंड उतरेपर्यंत सोडला नाही.

पनवेलहून पुढचा रस्ता रोजचाच, गाडीतून हजारदा गेलेला. कळंबोलीचा पूल, मग खारघर. पायी तो संपता संपत नव्हता. सुचिताचे मोजे रक्तानं चिकटले होते. कळंबोलीला उजव्या हाताला नावड्याचा फाटा आला. दिपेशनं तिकडे बघितलं नाही. तिनंही नाही.

बेलापूरच्या सभागृहात टाळ्या वाजल्या, कोणीतरी गळ्यात हार घातले. पहिल्या रांगेत आई बसली होती. ठेवणीतलं लुगडं, नाकात नथ. लग्नाला आल्यासारखी सावरून बसली होती आणि लेकीच्या पायांकडे बघत होती. केंद्र येत्या पावसाळ्याआधी सुरू होईल, नंदिनीताईंनी जाहीर केलं. मग माइक सुचिताच्या हातात आला.

ती बाबांबद्दल बोलली. शेताबद्दल बोलली. ते कसे उठून निघायचे, तेही सांगितलं. शेवटाशी आली आणि थांबली. समोर आई. मागे भिंतीला टेकून दिपेश उभा होता. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

"ते सापडले तेव्हा," सुचिता म्हणाली, "झोपल्यासारखे दिसत होते."

माइक नंदिनीताईंकडे देऊन ती बाजूला झाली.

परत जाताना दिपेश गाडी चालवत होता. उन्नती पुढे बसली होती, मागे आई आणि सुचिता. सायन-पनवेल रस्त्याला लागल्यावर आई म्हणाली, "मना एक सांग सुची."

"काय गं?"

"झोपल्यागत व्हते तर मना शेवटचा तोंड का दावला नाय तुमी?"

आरशात दिपेशचे डोळे दिसत होते, रस्त्यावर खिळलेले.

"चाळीस वरसं त्यांचा तोंड बघून उठलू मी," आई म्हणाली. "त्येवढा तरी दावायचा. येकदा."

सुचितानं आईचा हात हातात घेतला. तिनं विचार केला नाही. केला असता तर बोलता आलं नसतं.

"पोस्टमॉर्टेम झालं होतं आये. पूर्ण बांधलं होतं त्यांनी. सोडून दाखवत नाहीत."

"आसा व्हय."

"हो."

आईनं हात सोडवून घेतला नाही. पण तोंड खिडकीकडे फिरवलं आणि नावडं येईपर्यंत बाहेरच बघत राहिली. तिला पटलं की नाही, ते दोघांनाही कळलं नाही, आणि विचारायची सोय उरली नव्हती.

घरी उन्नतीनं घमेल्यात गरम पाणी आणलं. सुचिता पायरीवर बसली. मोजे निघत नव्हते. दिपेश खाली बसला, पाणी ओतून ओतून त्यानं ते भिजवले आणि हळूहळू सोलून काढले. ती एकदा ओरडली. आई देवापाशी दिवा लावत होती, तिथूनच म्हणाली, "बेतानं कर रं."

"बेतानंच करतो," दिपेश म्हणाला आणि त्यानं दुसरा पाय हातात घेतला.