ओला दरवाजा

पाडून टाकलेल्या जुन्या गोठ्याचा विमा दोन वर्षं चालू होता आणि वादळात जमीनदोस्त झालेल्या नव्या गोठ्याचा विमा उतरवलेलाच नव्हता. कंपनीचं तसं पत्र आलं आणि वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

विमा ब्रोकर कुणी परका नव्हता, नवऱ्याचा मावसभाऊच. दरवर्षी पॉलिसी रिन्यू करायला यायचा, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून चहा ढोसायचा आणि मागच्या वर्षीचा फॉर्म समोर ठेवून त्यावरून नवा उतरवून काढायचा. ‘‘बदल काही नाही ना, वहिनी?’’ हे विचारेपर्यंत अर्धा फॉर्म भरलेला असायचा.

दोन वर्षांपूर्वी मात्र वहिनीने त्याला खुर्चीवरून उठवलं होतं. नवा गोठा दाखवला, दूध काढायची मशीन दाखवली. दरवाजाला त्याच सकाळी हिरवा रंग दिलेला, आणि हे महाशय मागे न बघता त्याला उघडी बॅग टेकवून उभे राहिले. बॅगेला रंग, आतल्या कागदांना रंग. केवढा थयथयाट केला होता! तणतणतच घरात येऊन त्याने फॉर्मवर पुन्हा जुना लाकडी गोठाच लिहिला. वहिनीने न वाचता सही केली. घरचा माणूस, त्याचं काय वाचायचं? त्या सहीबद्दल तिला आता स्वतःचाही राग येत होता.

अठरा गाईंच्या धारा हाताने काढून नवराबायकोची बोटं सुजली होती. विम्याचे पैसे आले नाहीत तर सोमवारी व्यापारी बारा गाई ट्रकमध्ये घालून नेणार होता.

‘‘जाऊ दे ना,’’ नवरा म्हणाला. ‘‘आपलाच आहे. लायसन जाईल त्याचं.’’

‘‘आणि गाई गेल्या तर चालतील? मग दूध काय त्याचं लायसन देणार आहे?’’

वहिनीने तरीही तक्रार केलीच. चौकशीला कंपनीचा सर्व्हेअर आला, त्याच्यासोबत ब्रोकरही आला. हातात नवी कोरी बॅग.

‘‘भाऊजी, जुनी बॅग कुठंय?’’

‘‘फाटली होती. टाकली गेल्या आठवड्यात.’’

वादळाला पंधरा दिवस झाले होते. काय ते वहिनीला कळलं.

‘‘नव्या गोठ्याची माहिती यांना दिली होती?’’ सर्व्हेअरने विचारलं.

‘‘दिली होती म्हणजे? समोर उभं करून दाखवला!’’

ब्रोकरने सरळ कानांवर हात ठेवले. ‘‘छे! मी तो गोठा पाहिला तो पडल्यावरच. वहिनी, माझ्याकडे तीनशे शेतं आहेत, मी एकटा माणूस. तुम्ही सांगितल्याशिवाय मला कळणार कसं?’’

‘‘तीनशे घरी असाच बूड न हलवता बसतोस का रे?’’ वहिनी भाऊजींवरून अरेतुरेवर आली. ‘‘आमच्या गाई विकायला काढल्यास आणि वर खोटं बोलतोस?’’

नवऱ्याने मान खाली घातली. त्याचाही तिला संताप आला.

‘‘काही पुरावा?’’ सर्व्हेअर म्हणाला.

बॅग कचऱ्यात गेली होती. ‘‘नाही,’’ वहिनी दातओठ खात म्हणाली.

‘‘बरं, मूळ फॉर्म बघू.’’

ब्रोकरने नव्या बॅगेतून फाईल काढली आणि नेहमीसारखी न बघताच पुढे सरकवली. तिची एक कड वरपासून खालपर्यंत हिरवी होती. सर्व्हेअरने त्यावरून अंगठा फिरवला, मग खिडकीबाहेर पाहिलं. ढिगाऱ्यातून दरवाजाचा एक तुकडा वर आला होता, त्याच हिरव्या रंगाचा.

‘‘हा रंग कसला?’’

नवऱ्याने मान वर केली. ‘‘सांग ना,’’ तो म्हणाला. ‘‘दरवाजाला टेकवली होतीस ना बॅग? शंभर वेळा ऐकवलंस आम्हाला.’’

‘‘मग रंग ओला आहे हे तुम्ही आधी सांगायला नको होतं?’’ ब्रोकर उसळून म्हणाला.

सर्व्हेअरने ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं, खाली तारीख घातली आणि कागद वहिनीपुढे ठेवला.

तिने तो दोनदा वाचला आणि मगच सही केली.