बोळ जोडला तेव्हा

माझं आतडं कापलं त्याच दिवशी आमचं घरही मधोमध तुटलं. मागं स्वयंपाकघर राहिलं, पुढं बसाउठायचा सोपा राहिला, आणि दोघांना जोडणारा बोळ बुजून गेला. मिरजेच्या दवाखान्यातून मी घरी आले तर बोळात भिंत उभी. गुळगुळीत, जशी काय बांधल्यापासून तिथंच होती. मी मागच्या अंगाला अडकले आणि आमचे मालक पुढं सोप्यात.

आतड्याला भोक पडलं होतं म्हणून डॉक्टरांनी त्याचं वरचं टोक माझ्या पोटावर डावीकडं बाहेर काढलं आणि त्यावर पिशवी चिकटवली. स्वयंपाकघराच्या डाव्या भिंतीलाही तसंच तोंड पडलं, परातीएवढं, लालसर, कायम ओलं. मागच्या दारानं घरात सगळं यायचं, पण त्या दारानं बाहेर काही जायचं नाही. जायचं ते त्या तोंडातून. केर, खरकटं, सांडपाणी तिथूनच जायचं. माझी नणंद सुबाक्का रोज मागच्या दारानं यायची आणि जाताना लुगड्याचा काष्टा मारून त्या तोंडातून उतरायची.

"ह्या वयात काय काय करायला लावतीस गं," म्हणायची.

"मग येऊ नका," मी म्हणायचे. तरी यायची. चांगली आहे बिचारी.

मी मात्र कुठं जात नव्हते. बारसं नाही, हळदीकुंकू नाही. बायकांच्या घोळक्यात पिशवी फुगली आणि वास सुटला तर तोंड कुठं लपवायचं? घरातच बसायचे आणि भिंतीला कान लावून मालकांशी बोलायचे.

"अहो, भूक लागली का?"

"कशानं लागंल? तुझ्याकडनं पुढं काही येतच न्हाई. जागा बारीक झाली तशी भूकबी बारीक झाली."

"जागा बारीक झाली म्हणजे?"

"कॉटवर झोपलो की पाय भिंतीला लागत्यात. आणि ती टोपी आणलीस ना तू, तिचं माप चुकलंय. डोळ्यावर येती."

टोपी त्यांनी स्वतः बघून, दुकानदाराशी भांडून घेतलेली. पुढच्या आठवड्यात म्हणाले, चपलासुद्धा मोठ्या झाल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात आवाज असा बारीक आला की मला आधी वाटलं, सोप्यात कुणाचं पोर शिरलंय. पुढच्या दारानं बाहेर पडा म्हटलं, तर म्हणाले ते वापराविना आवळून गेलंय, बोट जाईल एवढी फट राहिलीय. त्या दिवशी मी भाकरी थापता थापता रडले. माणूस भिंतीपलीकडं आटत चालला होता आणि मी इकडं पीठ मळत होते.

डॉक्टर कुरुंदवाडे बाई तपासायला आल्या. त्यांनी भिंतीवर बोटानं टकटक केलं, कान लावला, माझं पोटही तसंच वाजवून बघितलं.

"पुढचा भाग जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "पण वापर नाही म्हणून आकसतोय. आणखी थांबलो तर जोडायला काही उरणार नाही."

"माणूस आहे हो त्यात."

"असतो," बाई म्हणाल्या.

"मग फाडा पोट. आत्ताच फाडा."

"फाडायचं कशाला? दुर्बिणीनं करू. बारीक बारीक तीन भोकं पाडली की झालं."

ऑपरेशन घरीच झालं. मला ओट्यावर आडवं केलं. भूल दिली होती, पण मला सगळं दिसत होतं. डॉक्टर बाई बाहेर परड्यात उभ्या राहिल्या आणि भिंतीला सुपारीएवढी तीन भोकं पाडून त्यांतून लांब दांड्याची हत्यारं आत घातली. एका भोकातून दिवा आला, एकातून हवा सोडली. हवेनं घर फुगलं. आढं वर गेलं, मांडणीवरचे डबे एकमेकांपासून लांब झाले, माझ्या पोटाचाही नगारा झाला. सुबाक्कानं समोर टीव्ही लावला. त्यात बोळ दिसत होता.

केवढी जळमटं ती! सगळं एकमेकांना चिकटलेलं. दांड्याच्या टोकाला इवलीशी कात्री होती, ती एकेक धागा तोडत पुढं गेली. माझ्या घरात एवढी जळमटं आणि ती सुबाक्काच्या देखत, मला लाजच वाटली. मग दिवा सोप्यात शिरला आणि मला मालक दिसले.

कॉटच्या कडेला बसले होते. कॉट लहान, तेही लहान, माझ्या गुडघ्याच्या जरा वर येतील एवढे. अंगात तोच पांढरा सदरा, तोही त्यांच्याबरोबर आटलेला, टोपीसुद्धा शेवटी आटलेली. दिवा बघितल्यावर त्यांनी टोपी काढली, बोटांनी केस नीट केले आणि टोपी परत घातली. पाडव्याला मला दवाखान्यात नेलं, त्यानंतर त्यांचं तोंड मी पहिल्यांदाच बघत होते.

"हलू नका," बाहेरून डॉक्टर म्हणाल्या.

बोळाची दोन टोकं त्यांनी समोरासमोर आणली, मध्ये गोल यंत्र धरलं आणि खटका दाबला. बोळाला पिनांचं बारीक कडं बसलं. मग जोडावर पाणी ओतलं आणि ओरडल्या, "मगदूम काका, तिकडून फुंका!"

मालकांनी गाल फुगवून फुंकलं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरून बघतो तसे आम्ही सगळे टीव्हीत बघत राहिलो. एकही बुडबुडा आला नाही.

डाव्या भिंतीचं तोंड बाईंनी टाके घालून बंद केलं. माझ्या पोटावरचंही केलं. पिशवी गेली. हवा काढल्यावर आढं खाली आलं, जरा जास्तच खाली आलं.

"आधी वारा सरू दे," भोकातून डॉक्टरांचा आवाज आला. "मग पाणी, मग पेज. आणि जोडावर काही थांबू देऊ नका. तिथं अडलं तर सगळं वाया." मग भोकंही बुजली.

वारा काही सरेना. त्यात मी बरी झाल्याचं गावात कळलं आणि लोक भेटायला यायला लागले. आपल्याकडं ऑपरेशन झालेल्या माणसाला बघायला गेलं नाही तर उभ्या जन्माचा राग धरतात. कुणी बिस्किटाचा पुडा घेऊन, कुणी शहाळं घेऊन मागच्या दारानं आत आलं. येणारा पहिल्यांदा एकच विचारायचा, "वारा सरला का?"

"न्हाई अजून."

"मग निघतो."

पण निघायचं कुठून? मागच्या दारानं बाहेर जाता येत नव्हतं, डावं तोंड बंद. तो तिथंच उभा राहायचा. असं करत चुलीपासून मोरीपर्यंत माणसं खांद्याला खांदा लावून दाटली. सगळी माझ्या पोटाकडं बघत होती. माझ्या पोटाला तडस लागली. मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या आणि देवाला म्हटलं, एवढा एक वारा दे, माझा माणूस पलीकडं संपत आलाय.

आणि सरला! बोळातून असा आवाज गेला की डबे थडथडले.

"सरला गं बाई सरला!" सुबाक्कानं मला मिठी मारली. शेजारच्या म्हाताऱ्यानं डोळे पुसले. माझ्या पादण्यावर अख्खा गाव हात जोडून उभा, असलं भाग्य कुणाला मिळतं?

बोळ उघडला होता. पलीकडच्या टोकाला मालक दिसले.

"भाकरतुकडा घे," सुबाक्का म्हणाली. "इतक्या दिवसांनी घरात येतोय, ओवाळल्याबिगर कसा घेशील?"

एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन मी बोळाच्या तोंडाशी उभी राहिले. माझ्यामागं अख्खा गाव. मालक चालायला लागले. एक पाऊल पुढं टाकलं की दोन पावलं मागं सरकायचे.

"या की हो!"

"येतोय की! पाय लागंना!" आवाज पाखरासारखा बारीक.

ते आणखी लहान दिसत होते. माझ्या हातातला तुकडा आपोआप सुटला, बोळातून भुर्र गेला आणि त्यांच्या पायाशी पडला. तांब्यातलं पाणीही त्याच्यामागं गेलं. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. चूल मागं आणि दार पुढं, अशा घरात पुढून मागं काही येईलच कसं? बाईनं उंबऱ्यात थांबायचं आणि बाप्यानं यायचं, हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं की एवढ्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"मीच जाते," मी म्हटलं.

"टाकं वलं हाईत तुझं!" सुबाक्का ओरडली.

"तुम्हीपण चला."

"तू हो पुढं. मी एवढी भांडी आवरून आलेच."

मी बोळात पाय टाकला आणि चालावंच लागलं नाही. भिंती मागून आवळत होत्या, पुढून सुटत होत्या. कड्यापाशी खांदे अडले. पिना गार होत्या. कळ अशी आली की डोळ्यांसमोर काजवे चमकले. तिथं थांबायचं नव्हतं. मी श्वास सोडला, अंग चोरलं आणि पलीकडं गेले.

मालक भाकरीचा तुकडा चघळत उभे होते. मी वाकले आणि त्यांना उचलून कडेवर घेतलं. वजन काहीच नव्हतं.

"उतरव मला. लोक बघत्यात."

"बघू देत. खाताय ते गिळा आधी."

त्यांनी गिळलं आणि माझ्या गळ्याला हात घातला. मागं कड्यातून पहिला माणूस शिरला होता, हातात बिस्किटाचा पुडा धरून, त्याच्यामागं दुसरा. आम्ही दोघं सरकत चाललो होतो. सोपा चिंचोळा होत गेला, कॉट आमच्याआधी पुढं गेली आणि आडवी झाली.

"शालन, सोडू नको गं मला."

"नाही सोडत."

मागून पुन्हा एक जोराचा वारा आला. माझा पदर खांद्यावरून सुटला, आमच्या दोघांच्याही पुढं गेला, आणि पुढच्या दाराच्या त्या बोटभर फटीतून त्याचं टोक बाहेर उन्हात फडफडायला लागलं.